धनीबाईची आरामाची सफर

आराम नावाची काही चीज जगात असते, हे माह्या मायले कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगाले गेलो तं म्हणे, "कोणत्या वावरात पिकते रे ते?" अशी आमची धनीबाई. आमच्या लमाणायच्या गोरबोलीत मायले याडी म्हणतात, म्हणून मीही इथं याडीच म्हणीन. दुसरं काही म्हणलं तं ती माही माय वाटतच नाई.

मी उत्तमसिंग. तवा दिग्रसच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्यात, इंजिनवर फिटर होतो. जिनाच्या हापिसात एक क्यालिंडर टांगलेलं राहे. त्याच्यावर एक पांढरं फेक जहाज, अन् जहाजाच्या छपरावर एक साहेब अन् त्याची मेम आरामखुर्चीत पाय लांब करून पडलेले. बाजूले पोट्टे चेंडू खेळून राह्यले. मी मुनीमजीले विचारलं, "हे कुठं चालले?" मुनीमजी म्हणे, "कुठंच नाई. नुस्ते पाण्यावर फिरतात अन् घरी येतात." आता सांगा! कामाबिगर घराबाहेर पडाचं, अन् तेही बायकापोरायले घेऊन! मले ते चित्र काही सोडेना. जेवताना तेच, इंजिनाले तेल देताना तेच. बायको म्हणे, याले कोणाची नजर लागली काय!

एकसष्ट सालची गोष्ट. दसरा झालता, जिन सुरू व्हायले वेळ होता, पऱ्हाटीची बोंडं कुठं कुठं फुटून राह्यली होती. आमच्या वळखीचा डोमाजी भोई पैनगंगेच्या घाटावर नाव चालवे. त्याले ती नाव खालच्या घाटावर न्यायची होती, तीन दिवसाची वाट. "रिकामीच नेऊन राह्यलो बापा," असं तो बजारात सहज बोलून गेला, अन् माह्या डोक्शात जहाजाचा भोंगाच वाजला. म्हणलं, "डोमाजी, रिकामी कायले नेतं? आमाले ने!" तो हसला अन् म्हणे, "बसा मंग."

घरी येऊन मी जाहीर केलं, आपुन सगळे नावेत बसून आरामाच्या सफरीवर जाणार, अन् खालच्या घाटावरून गाडीनं घरी येणार. माही बायको कोकिळा हसली. दोन्ही पोट्टे नाचाले लागले. बापू, म्हणजे माहा बाप, म्हणे, "बैलायले सोडून मी सोरगातही येत नाई, तुमी जा." राह्यली याडी. तिले मी जन्मात निवांत बसलेलं पाह्यलं नव्हतं. भाकर खाये तीही उभ्यानं, एका हातात भाकर अन् दुसऱ्या हातानं बकरी हाकलणं. आवाज असा, की तिनं तांड्यावरून हाक मारली का बापू वावरातून "आलो, आलो" म्हणे, मंग हाक कोणाले का असेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "नाव कुठून जाते?"

मी सांगितलं.

"म्हणजे हरिसिंगच्या तांड्याखालून?"

"हो."

ती चुलीकडे तोंड करून बसली. बराच वेळ नुस्तं लाकूड मागं-पुढं करत राह्यली. मंग म्हणे, "येतो मी."

हे समजासाठी तुमाले माह्या बहिणीचं लगीन सांगाव लागते. चंदाबाई माही धाकटी बहीण. तिले तीन वर्सापूर्वी पैनगंगेच्या काठच्या तांड्यावर दिली. जवाई भीमसिंग, बिचारा गरीब गाय. पण त्याचा बाप हरिसिंग, तो त्या तांड्याचा नायक, म्हणजे तुमच्याकडचा पाटीलच समजा. आमी लोक मूळचे लमाण. बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुखभर फिराचं, हा आमच्या आज्या-पणज्यायचा धंदा. आगगाड्या आल्या, धंदा बसला, अन् आमी वावरं करून एका जागी ठरलो. पण दोन गोष्टी अंगातून गेल्या नाईत. मुक्कामावर पोचलं का पयले बैलायले पाणी, मंग माणसायले. अन् दुसरी, रिकाम्या पाठीनं कुठं जायचं नाई.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. गडबड अशी, की आमच्या पोरायनं वऱ्हाडी सरळ पंगतीले बसवले अन् बैल तसेच जुवाखाली उन्हात उभे. हरिसिंगनं ते पाह्यलं अन् भरल्या ताटावरून उठला. "लमाणाच्या दारात बैल तहानले, अन् आमी शिरा खावं?" चूक आमचीच होती. याडीलेही कळली होती, ती घागर उचलून निघालीही होती. पण हरिसिंगच्या तोंडातून तेवढ्यात तिच्या बापाचं नाव निघालं. मंग काय इचारता! याडीनं घागर तिथंच आदळली. "तुह्या तांड्याच्या मातीले पाय लावीन तं मी धनीबाई नाई!" हरिसिंगही काही कमी नव्हता. म्हणे, "मंग तू सोता न्यायले आल्याबिगर तुही पोरगी माहेर पाह्यणार नाई!"

झालं. तीन वर्सं दोघंही आपापल्या शब्दावर बसून. चंदाचं पयलं बाळंतपण आमच्या घरी व्हाव, ते तिकडंच झालं. पोरगी झाली, ती चालाले लागली, असं आमाले बजारात येणाऱ्या-जाणाऱ्यायकडून कळे. त्या बाजूची कोणी बाई दिसली का याडी तिले धरे. "माही चंदा बरी हाय ना? नात कोणावर गेली वं? नाक कसं हाय?" त्या बाईले नाक सांगता सांगता घाम फुटे. अन् घरी आल्यावर याडी दोन दिवस कोणाशी सरळ बोले नाई.

आता जवा ती "येतो" म्हणली, तवा कोकिळा माह्या कानाशी लागली. "तुमाले वाटते बुढी आराम करासाठी येऊन राह्यली? तिले पोरगी पाह्याची हाय. उतराचं नाई, पाय लावाचा नाई, पण नदीवरून दिसली तं दिसली."

मी म्हणलं, "मंग घाटावर नाव थांबवू ना."

चुलीपासून आवाज आला. "नाव थांबवली तं मी पाण्यात उडी घेतो. जाता जाता पाहीन मी. कोणाच्या घाटावर उभी राहून भीक मागत नाई."

निघाच्या दिवशी मी मुनीमजीच्या हातापाया पडून एक आरामखुर्ची आणली. कापडाची, निळ्या पट्ट्यायची. म्हणलं, माही माय या खुर्चीत पाय लांब करून पैनगंगा पाह्यत जाईन, साहेबाच्या मेमेसारखी. घाटावर पोचून पाह्यतो तं याडीनं बैलगाडीतून मिठाची पोती आणलेली. पोत्यावर पोतं! गुळाच्या भेल्या वेगळ्या, मिरच्यायचं गाठोडं वेगळं.

"याडी, हे काय हाय?"

"माल."

"अवं, आपुन फिराले चाललो! आराम कराले!"

"मंग कर ना. तुले कोण नाई म्हणते? नाव रिकामी जाईन काय? लमाणाची नाव अन् रिकामी! काठावरचे लोक काय म्हणतील?"

डोमाजीनं डोक्शाले हात लावला. मी लय ओरडलो, माहा ताव तसा सगळ्या जिनात मशहूर हाय. पण याडीपुढं तो कोणत्या कामाचा! पोती चढली. खुर्ची मधात मांडली. याडीनं तिच्याकडे एकदा पाह्यलं अन् तिच्यावर मिरच्यायचं गाठोडं ठेवलं.

तरी सांगतो, पयला दिवस असा गेला, की क्यालिंडरवाल्या साहेबालेही मिळाला नसन. पाणी भरून वाहत होतं, पण पावसाळ्याचा गढूळपणा गेलेला. दोन्ही काठायले तुरीचा हिरवा पट्टा, अन् मधूनच सायाची झाडं पाण्यावर वाकलेली. पोट्टे नावेच्या काठावर पोटावर झोपून पाण्यात हात सोडून राह्यले. दुपारी कोकिळानं हळूच गाठोडं खाली ठेवलं अन् खुर्चीत बसली. पयले पदर सावरून टोकावर, मंग उलीशी मागं, मंग मस्त पाय लांब करून. डोळे मिटून म्हणे, "अवं माय, हे तं लय बेस हाय!" लग्नाले आठ वर्सं झाली, पण तिचा तसा चेहरा मी पयल्यांदा पाह्यला.

अन् याडी? ती प्रत्येक घाटावर उभी. "मीठ घ्या वं मीठ! गूळ घ्या!" काठावरच्या कोलाम, गोंड अन् कुणब्यायच्या बाया पळत येत. बजार लांब, रस्ते चिखलाचे, कोणाच्या घरात मीठ संपलेलं, अन् दारात नाव येऊन उभी! त्या हसत, याडी हसे, एकमेकींची लेकरं इचारून घेत. मिठाच्या बदल्यात चारोळ्या येत, डिंक येये, मध येये, अन् कोहळे. इतके कोहळे, बापा! मी म्हणलं, "मीठ उतरलं का नाव हलकी होईन." कुठची हलकी! एक पायली मीठ खाली उतरे अन् दोन कोहळे वर चढत.

संध्याकाळी रेतीवर उतरून आमी गोवऱ्यायवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. डोमाजी जेवता जेवता म्हणे, "बाई, आतापर्यंत नाव पाण्यात होती. अजून एक कोहळं चढवलं तं पाणी नावेत येईन." याडीनं त्याच्या ताटात अजून एक रोडगा टाकला. म्हणे, "तू खा. खाताना बोलू नोको."

दुसऱ्या दिवशी पोट्ट्यायनं गळ टाकून मासा धरला अन् तो खुर्चीत पडून फडफडला, त्यावरून कोकिळा किंचाळली, अन् डोमाजी इतका हसला का त्याच्या हातातला बांबूच वाहून गेला. मी कपड्यासकट पाण्यात उडी मारून तो आणला. त्या दिवशी याडीही हसली. पण दुपारनंतर तिचं मीठ इकण्यात ध्यान राह्यलं नाई. डोमाजीले इचारे, "उद्या किती वाजता तिथून जाऊ?" तो म्हणे, "सकाळची भाकर खाऊन निघालो का जेवणाच्या आत." उलीशा वेळानं पुन्हा तेच इचारे. मले कळत होतं. मी उगीच पोट्ट्यायवर खेकसलो.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी उठून पाह्यलं तं याडी नदीवर आंघोळ करून तयार. अंगावर लाल फेटिया, म्हणजे आमचा घागरा, आरशायची कांचळी, म्हणजे चोळी, आरशायची ओढणी, दंडापर्यंत बलियायच्या पांढऱ्या बांगड्या. लग्नाकार्याशिवाय ती हे काढे नाई. कोहळ्यायच्या खाली लपवून आणलं होतं सगळं! ऊन पडलं अन् तिच्या अंगावरचे आरसे असे चमकाले लागले, का पलीकडच्या काठावरचा गुराखी हात कपाळाले लावून पाह्याले लागला. कोकिळा म्हणे, "लांबून दिसाव म्हणून घातलं असन."  पोरीनं लांबून वळखाव म्हणून सजलेली माय मी दुसरी पाह्यली नाई.

"डोमा," याडी म्हणे, "तिथं आल्यावर उलीशी हळू चालव. थांबवू नोको. पण हळू."

वळण आलं. वळणापलीकडं हरिसिंगचा तांडा, काठावर उंचावर. खाली घाट. या वेळेले बाया पाण्याले येतात, धुणं असते, हे याडीनं हजार वेळा मनात मोजलं असन. ती पोत्यायवर चढून उभी राह्यली. अन् घाट रिकामा! एक बाई नाई, एक लेकरू नाई. कापूस वेचाले सगळा तांडा वावरात गेलता. एक कुत्रं तेवढं काठावर बसून आमाले पाह्यत होतं.

मी याडीकडे पाह्यलं अन् लगेच दुसरीकडे पाह्यलं. डोमाजीनं बांबू टाकणंच बंद केलं, तरी पाणी काही थांबते? घाट बाजूनं सरकू लागला. मी म्हणलं, "याडी, थांबवतो मी नाव. जाऊन बोलावून आणतो चंदाले."

"नाई."

"अवं पण..."

"नाई म्हणलं ना!"

अन् तेवढ्यात खालून असा आवाज आला, खर्रर्र! नाव थरथरली, कोहळे गडगडले, कोकिळा खुर्चीसकट मागं, अन् सगळं जागच्या जागी थांबलं. पाण्याखाली खडकाची पाठ होती. रिकामी नाव तिच्यावरून तरंगत गेली असती. पण आमची नाव! ती त्या खडकावर जी बसली, ती म्हैस डबक्यात बसते तशी.

डोमाजीनं मले, नावेले अन् कोहळ्यायले मिळून अशा शिव्या दिल्या, का त्या सांगण्यासारख्या नाईत. मी पाण्यात उतरलो. पाणी गुडघ्याच्या वर. खांदा लावला, ढकललं, डोमाजीनं बांबू लावला, कोकिळा उतरली, पोट्टे उतरले. नाव हलत नाई. "माल उतरवाव लागते," डोमाजी म्हणे, "काठावर न्या पोती."

"त्या काठावर?" याडी वरून म्हणे. "हरिसिंगच्या मातीवर माहं मीठ? माहं मीठ तिथं जात नाई, अन् मीही उतरत नाई."

माहा ताव सुटला. "मंग बस इथंच! जलमभर बस कोहळे घेऊन!"

ती खरंच बसली. मिठाच्या पोत्यावर मांडी घालून, त्या रिकाम्या घाटाकडे तोंड करून. अन् मंग तिनं दोन्ही हात पुढं केले अन् गळा काढला.

आता हे इथं सांगाव लागते. आमच्या बाया लय दिवसायनं भेटल्या का गळ्यात गळा घालून रडतात. साधं रडणं नाई. मोठ्यानं, चालीवर. मधल्या दिवसायत कोण मेलं, कोण जलमलं, काय दुखलं, काय खुपलं, सगळं त्या चालीत सांगतात. आनंदाचीच भेट असते, पण वळख नसलेल्याले वाटते का घरात मौत झाली. याडीनं तेच लावलं. फक्त गळा घालाले समोर कोणी नव्हतं. गोरबोलीत ती काय म्हणत होती, ते मराठीत सांगतो तं असं होते:

"ये वं माह्या चंदा, तुही याडी दारात आली वं... दारात आली अन् पाण्यात अडकली वं... तुह्या बाळंतपणात तुह्या डोक्शाले तेल कोणं लावलं वं... तुह्या लेकीचं नाक मी लोकायच्या तोंडून पाह्यलं वं..."

आवाज तिचा तुमाले माहीत हाय. तो पाण्यावरून गेला, उंच काठावर चढला अन् वावरायत घुसला. पयले पलीकडच्या काठावरचे दोन कुणबी दोर घेऊन पळत आले. "कोण बुडालं? कोण बुडालं?" मी सांगून राह्यलो, कोणी नाई, कोणी नाई, पण ऐकते कोण! त्यायनं दोर फेकला, तो डोमाजीच्या गळ्यात पडला. मंग तांड्याकडून माणसं धावली. बाया कापसाच्या ओट्या पोटाले तशाच बांधलेल्या. सगळ्यायच्या पुढं काठी टेकत हरिसिंग, मागं त्याची बायको लालीबाई. "कोण मेलं गा?"

मी लाजेनं पाण्यातच बसाव म्हणलं. अन् तेवढ्यात पऱ्हाटीतून दुसरा आवाज आला.

तीच चाल. तोच गळा, फक्त कोवळा.

"याडी वं... माह्या याडी वं..."

चंदा पळत येत होती. काखेत पोरगी, ओटीतला कापूस मागं सांडत चाललेला. आवाज कानावर पडला तवा तिनं विचारलंही नाई कोण मेलं म्हणून. तिनं मायचा गळा वळखला अन् वावरातूनच उत्तर देत निघाली. उतार उतरली, पाण्यात शिरली, फेटिया भिजला, पोरगी घाबरून मानेले चिकटली. नावेपाशी पोचली, अन् वरून याडी अशी वाकली का मी पाय धरले नसते तं डोक्शावरच पडली असती. दोघीही गळ्यात गळा घालून. अन् काय त्या रडल्या! तीन वर्साचं एका बैठकीत. कोकिळा रडाले लागली. दोरवाला कुणबी रडाले लागला, त्याले एक अक्षर समजत नसताना. त्या दोघींच्या मधात चेपलेली नात तेवढी शांत होती. ती आजीच्या कांचळीचे आरसे एक एक करून उपटाले पाहून राह्यली होती.

याडीनं तिचा चेहरा हातात धरला, इकडून पाह्यला, तिकडून पाह्यला. "नाक माहंच हाय!" ती रडता रडता ओरडली. तांडा हसला.

हरिसिंग काही हसला नाई. पण त्यानं नाव पाह्यली, भिजत चाललेली पोती पाह्यली, अन् आपल्या पोरायवर ओरडला, "तोंडाकडे काय पाह्यता? लादलेला माल पाण्यात अडकला, अन् तुमी उभे! चला!" लमाण तोही होता ना! भीमसिंग अन् चार पोरं पाण्यात आली, पोती अन् कोहळे उचलून नदीतल्याच उंच खडकावर रचले. मातीवर नेले नाईत. म्हाताऱ्याले समोरच्या बाईचा शब्द ध्यानात होता. नाव हलकी झाली, डोलली अन् सुटली.

डोमाजी म्हणे, "चला, बसा. अर्ध्या दिवसाची वाट राह्यली हाय. माल घेऊ थोडा थोडा."

तवा सगळ्यायले आठवलं, का भेट झाली, पण काही मिटलं नाई. याडी चंदाचा हात धरून म्हणे, "बस नावेत. चल घरी."

काठावरून हरिसिंग म्हणे, "नायकानं शब्द देला हाय. पोरगी न्यायची असन तं तिच्या मायनं घरापर्यंत याव. हे मधात पाण्यात येणं म्हणजे येणं नाई."

"मी त्या मातीले पाय लावत नाई!"

"मंग पोरगी नावेत बसत नाई!"

एक नावेत, एक काठावर. मधात दहा हात पाणी. म्हणलं, हे दोघं आता जिन सुरू होईपर्यंत असेच उभे राह्यतात. डोमाजी सुटलेली नाव बांबूनं जागेवर धरून उभा. 

चंदानं डोळे पुसले. लानपणी ती कोंबडीलेही घाबरे. तिनं मायच्या हातातून हात सोडवला अन् दोन पावलं मागं सरकली. चाल नाई, रडणं नाई, साध्या आवाजात बोलली.

"पोट दुखत होतं तवा मी दिवसभर याडी, याडी करत होती. सासूनं माहा हात धरला होता अन् म्हणत होती, पोरी, मी तुही याडी कुठून आणू? सासरा बाहेर बसून होता, त्यानं दिवसभर पाणी घेतलं नाई. अन् याडी, तू तिकडं बजारात नाक इचारत होती. तुमाले दोघायलेही मी पाह्यजे. पण शब्द माह्यापेक्षा मोठा हाय. मंग ठेवा शब्द. मी ना तिकडं येत, ना इकडं जात. मी इथंच उभी हाय, पाण्यात. ज्याले पाह्यजे त्यानं येऊन न्याव."

अन् ती उभी राह्यली. गुडघाभर पाण्यात, लेक काखेत. पोरगी थंडीनं कुडकुडाले लागली होती.

हरिसिंगनं काठी या हातातून त्या हातात घेतली. याडी पोरीकडे पाह्यत होती. मंग तिनं ओढणी कमरेले खोचली अन् नावेतून उतरली. मी हात देला, तो तिनं घेतला नाई. सगळ्या शिणगारासकट पाण्यात. चंदापाशी आली, तिच्या काखेतून नातीले घेतलं, आपल्या कडेवर बसवलं अन् चालू लागली. काठाकडे. पाणी घोट्यापर्यंत आलं, मंग बोटायपर्यंत. तिथं ती थांबली. पुढं ओली काळी माती. सगळा तांडा तिच्या पायाकडे पाह्यत होता.

तिनं पाय टाकला. मंग दुसरा. दोन्ही पाय चांगले मातीत रुतले. हरिसिंगपुढं जाऊन उभी राह्यली.

"आली मी, नायक. हारली. सगळ्या तांड्यापुढं सांगतो, धनीबाई हारली. माही पोरगी द्या मले."

या बाईच्या तोंडून "हारली" हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. बापूनं तं सांगूनही विश्वास ठेवला नाई. तीन वर्सं हरिसिंग याच शब्दासाठी बसून होता, अन् आता तो समोर आला तं म्हाताऱ्याले तो उचलताच येईना. तो नुस्ती काठी मातीत टोचत राह्यला. शेवटी लालीबाईनं त्याले बाजूले ढकललं. "तुमी व्हा तिकडं! तुमच्या मिशीपायी माही व्याहीण तीन वर्सं दाराबाहेर राह्यली!" अन् तिनं याडीच्या गळ्यात हात टाकून चाल लावली. काय काय सांगितलं तिनं त्या चालीत! तुही लेक गुणाची वं, पण भाजीत मीठ कमी टाकते वं, माहा नवरा बैलावानी अडून बसते वं, रोज नदीवर जाऊन तुह्या वाटेकडं पाह्यते वं, अन् विचारलं का म्हणते मी मासे पाहून राह्यलो वं! याडी रडता रडता "मासे?" म्हणून अशी हसली का चालच तुटली. मंग सगळा तांडा हसला, अन् हरिसिंग पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत नदीकडे तोंड करून उभा राह्यला.

त्या दिवशी आमी निघालो नाई. कोण निघू देते! दिवसभर जेवणं झाली. डोमाजीले तं सगळ्यायनं मिळून असं खाऊ घातलं, का त्याले वल्हं उचलवेना. मी अन् भीमसिंग पाण्यात पोहलो. कोकिळाची खुर्ची लिंबाखाली मांडली होती, अन् तांड्यावरच्या बाया एक एक करून तिच्यात बसून पाहत, खिदळत अन् पळत.

सकाळी चंदा नावेत बसली, मांडीवर लेक. हरिसिंग धोतर खोचून सोता पाण्यात उतरला अन् त्यानं नाव ढकलली, कमरेइतक्या पाण्यापर्यंत आला. नातीच्या गालाले हात लावला. नाव सुटली तवा मागून त्याचा आवाज आला.

"व्याहीणबाई! दिवाळी झाली का पाठवून द्या हो पोरीले!"

याडी चंदाच्या बाजूले बसली होती, तिचा हात आपल्या हातात धरून. ती बसल्या जागेवरूनच ओरडली, अन् दोन्ही काठायनं ऐकलं.

"पाठवत नाई! न्यायची असन तं सोता या! जेवल्याबिगर सोडत नाई!"

हरिसिंग पाण्यात उभा राहून पोटभर हसला. "येतो!" म्हणे. "येतो, येतो!"

वळण येईपर्यंत तो तिथंच हात हलवत उभा होता. मी वल्हं मारत होतो, डोळ्यातून पाणी वाहत होतं, अन् ते पुसाले हात रिकामा नव्हता.